दिसायला गबाळा गहू

१९४८ साली जॅक हार्लन हा अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ पूर्व तुर्कस्तानात बियाणं गोळा करत फिरत होता. तिथल्या एका गव्हाबद्दल त्याचं मत अगदी वाईट होतं. ताटं उंच पण बारीक, पीक लोळणारं, पानांवर तांबेरा, थंडीत तग न धरणारं, पीठही पावाच्या कामाचं नाही. तरी त्याने ते बी सोबत नेलं. पंधराएक वर्षं त्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग अमेरिकेच्या वायव्य भागात पिवळ्या तांबेऱ्याने (हा पानांवरच्या त्या तांबेऱ्याहून वेगळा बुरशीरोग) धुमाकूळ घातला, आणि हाच गबाळा गहू त्या बुरशीच्या ४ प्रकारांना पुरून उरला. काणी या दुसऱ्या बुरशीरोगाच्या चाळीसहून जास्त प्रकारांनाही तो दाद देत नव्हता. वायव्येतल्या पैदासकारांनी, म्हणजे नवी वाणं घडवणाऱ्यांनी, मग त्याच्याशी भरपूर संकर केले.

तुर्कस्तान, सीरिया, इराक, लेबनॉन या भागातून चंद्रकोरीसारखा एक सुपीक पट्टा जातो. सुमारे १० हजार वर्षांपूर्वी गहू, सातू, मसूर, हरभरा इथे माणसाच्या हाताखाली आले. त्यांचे रानातले भाऊबंद अजूनही इथल्या डोंगरउतारांवर उगवतात. रानगव्हाची ओंबी पिकली की हात लागताच तिचे तुकडे होतात आणि दाणे मातीत जातात. शेतातली ओंबी मात्र कापणीपर्यंत दाणे धरून ठेवते. पहिल्या शेतकऱ्यांच्या घरी साहजिकच न झडणारे दाणेच जास्त आले, पुढच्या वर्षी तेच पेरले गेले, आणि बाकीचे बरेच गुण रानातच राहिले. पावाच्या गव्हाचं तर आणखी अवघड. शेतातला गहू आणि एक रानगवत यांचा योगायोगाने संकर झाला, तोही मोजक्या वेळा, म्हणून त्या गवताकडून आलेला वारसा फार तोकडा आहे. आज पैदासकार तोच संकर प्रयोगशाळेत मुद्दाम पुन्हा घडवतात.

मेंढ्यांची चराई, नांगरली गेलेली माळरानं, दुष्काळ, सगळीकडे तीच ती सुधारित वाणं, यांत हे रान आक्रसत चाललं आहे. त्यात युद्धं. इराकमधल्या अबू घरेबची बियाणे बँक २००३ मध्ये लुटली गेली. तिथल्या शास्त्रज्ञांनी काही बियाणं आधीच सीरियात अलेप्पोजवळच्या तेल हादियाला, ‘इकार्डा’ या आंतरराष्ट्रीय शेती-संशोधन संस्थेकडे पाठवून ठेवलं होतं. पुढे युद्ध तिथेही पोहोचलं.

पण इकार्डाने २००८ पासूनच नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या बियाण्यांच्या तिजोरीत आपल्या बियाण्याचे जोडनमुने पाठवायला सुरुवात केली होती. २०१५ मध्ये त्यांनी त्यातले सुमारे ३८ हजार नमुने परत मागितले. या तिजोरीतून बी बाहेर काढण्याची ती पहिलीच वेळ. पेट्या लेबनॉन आणि मोरोक्कोला गेल्या.

खरं काम इथून पुढचं, आणि ते चक्क शेतीचं आहे. एकेका पाकिटात थोडेसेच दाणे. ते वेगळ्या ओळीत पेरायचे, वेगळे कापायचे, वेगळे मळायचे. गहू-सातूचं त्यातल्या त्यात सोपं, कारण त्यांचं परागण बहुतेक आपल्या आपणच होतं. बाकला या शेंगांच्या पिकाच्या फुलांवर मात्र मधमाश्या येतात आणि शेजारचा पराग घेऊन येतात, म्हणून त्यावर जाळी हवी. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली तर एका झटक्यात दोन वाणं हातची गेली. मग दाणे कोरडे करून हवाबंद पाकिटात, उणे १८ अंशांवर. काही वर्षांनी थोडे भिजवून उगवण पाहायची. ती घटली की पुन्हा पेरणी. २०१७ पासून यातले ताजे नमुने स्वालबार्डला परत जाऊ लागले.

गोठवलेलं बी मात्र ज्या वर्षी ठेवलं त्याच वर्षी थांबतं. बाहेर बुरशी बदलते, पाऊस बदलतो. म्हणून मला वाटतं, तिजोरीइतकेच हे डोंगरउतारही राखायला हवेत. इस्रायलमध्ये रानगहू आणि रानसातूचं बी १९८० मध्ये गोळा करून ठेवलं होतं. २००८ मध्ये त्याच जागांवरून पुन्हा बी आणलं आणि दोन्ही एकाच हरितगृहात शेजारी-शेजारी वाढवलं. नवी रोपं सरासरी ९-१० दिवस आधी फुलली. २८ वर्षांत रान बदलत्या हवेशी जुळवून घेत होतं, आणि जुनं पाकीट जपलेलं असल्यामुळेच ते कळलं. जनुकीय विविधता मात्र बहुतेक जागांच्या नव्या बियाण्यात १९८० पेक्षा कमी निघाली.