कोल्हापूर ते मुंबई: ३०८ किलोमीटरची पार्श्वभूमी

मुंबई किती लांब, असं कोल्हापुरात विचारलं तर उत्तर बहुधा किलोमीटरमध्ये येत नाही. ‘रात्री महालक्ष्मीत बसायचं, सकाळी उतरायचं’ हेच आमचं मोजमाप. या महालक्ष्मी एक्स्प्रेसचा लोहमार्ग ५१८ किलोमीटर. महामार्गाने गेलं तर साधारण ३८०. आणि कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळापासून मुंबई विमानतळापर्यंतचं सरळ हवाई अंतर सुमारे ३०८.

रेल्वेचा आकडा एवढा का फुगतो, याचं कारण मिरजेत आहे. कोल्हापूर संस्थानाने बांधलेला मिरज-कोल्हापूर मार्ग १८९१ मध्ये सुरू झाला. तेव्हापासून मुंबईची रेल्वेवाट आधी पूर्वेला मिरजेकडे जाते, मग उत्तरेला वळते. हवाई रेघेला हा वळसा नाही. नकाशावर पट्टी ठेवून पाहा: रेघ कोयनेच्या खोऱ्याजवळून जाते, प्रतापगडाच्या आसपास सह्याद्री ओलांडते आणि महाडच्या अंगाने कोकणात उतरते. प्रतापगड जवळजवळ मध्यावर येतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

हे अंतर विमानवाले सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, म्हणजे आपलं अंतर १६६ सागरी मैलांच्या आसपास. ताशी पाचशे किलोमीटरच्या एटीआर या पंख्यांच्या छोट्या प्रवासी विमानाला ते चाळीस मिनिटांपेक्षा कमी वेळाचं. वेळापत्रकात मात्र तासाभराच्या आसपासचा वेळ दिसतो, कारण ती वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतची चाल, चढण, उतरण, ठरलेले हवाई मार्ग आणि मुंबईच्या आकाशातली रांग, सगळं त्यात धरलेलं असतं.

धावपट्टी मात्र जुनी आहे. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ मध्ये, कोल्हापूरचा विमानतळ उभा राहिला. स्वातंत्र्यापूर्वी एका संस्थानाने ही दूरदृष्टी दाखवली, याचा अभिमान वाटलाच पाहिजे. पण पुढच्या दशकांत विमानसेवा सुरू व्हायची आणि बंद पडायची. लहान धावपट्टीवर मोठं विमान उतरत नाही आणि लहान विमानाचा खर्च थोड्या तिकिटांतून निघत नाही, या कोंडीत गाव अडकलं होतं.

लहान शहरांना परवडणारी विमानसेवा मिळावी म्हणून केंद्र सरकारने २०१६ मध्ये जाहीर केलेल्या ‘उडान’ योजनेने ती कोंडी थोडी सैल केली. साधारण तासाभराच्या, पाचशे किलोमीटरच्या प्रवासाला काही आसनांसाठी २,५०० रुपयांची मर्यादा घातली गेली. अंतर आणि वेळ थेट भाड्याला जोडले गेले ते तेव्हा. एप्रिल २०१८ मध्ये मुंबईसाठी १८ आसनी विमान उडालं. ती सेवाही टिकली नाही, पण दार पुन्हा उघडलं. पुढे धावपट्टी वाढली आणि मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं.

अंतराचा खरा फरक मुंबईपेक्षा तिरुपतीला कळतो. नवरात्रात अंबाबाईला तिरुमलाहून शालू येतो, इतका हा जुना संबंध. हरिप्रिया एक्स्प्रेसने तिथे जायचं तर दुपारच्या आत निघून दुसऱ्या दिवशी सकाळी पोचायचं. सरळ हवाई अंतर सुमारे ६५५ किलोमीटर. २०१९ मध्ये थेट विमान सुरू झालं, तेव्हा ज्यांच्या गुडघ्यांना रात्रभराचा डबा सोसत नव्हता, अशा कितीतरी आजी-आजोबांना बालाजीचं दर्शन पुन्हा शक्य वाटू लागलं.