किट हातात देण्याआधी : एचआयव्ही स्व-चाचणीची पार्श्वभूमी

गोव्यातले डॉमिनिक डिसोझा नियमित रक्तदान करायचे. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी पोलीस त्यांना घेऊन गेले. आपल्या रक्ताची एचआयव्हीसाठी चाचणी झाली आहे, हेही तोवर त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मग एचआयव्ही आढळला म्हणून क्षयरोग्यांच्या एका जुन्या रिकाम्या इमारतीत ६४ दिवस स्थानबद्ध. तेव्हाच्या गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूदच होती. आई लुसी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली.

स्व-चाचणीचा, म्हणजे किट घेऊन स्वतःच करायच्या एचआयव्ही चाचणीचा, इतिहास बहुतेक जण अमेरिकेतल्या किटपासून सांगतात. मला तो इथून सांगावासा वाटतो. रक्त डिसोझांचं, पण रिपोर्ट आधी पोलिसांना ठाऊक! चाचणीबद्दलचा लोकांचा धसका अशाच प्रसंगांतून आला.

पुढे समुपदेशनासह ऐच्छिक चाचणी केंद्रं निघाली, त्यांचीच नंतर आयसीटीसी (एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रं) झाली. तरी पाय तिकडे सहज वळत नव्हते, आणि लोकांचंही चूक नव्हतं. १ एप्रिल २००४ ला मुंबईच्या जेजेसह मोजक्या रुग्णालयांत मोफत एआरटी (एचआयव्हीवरचे औषधोपचार) सुरू होईपर्यंत गरिबाने रिपोर्ट घेऊन करायचं तरी काय होतं?

अमेरिकेत वाद वेगळा होता. घरी एकट्याने निकाल ऐकला तर माणूस जिवाचं बरंवाईट करून घेईल, ही भीती तिथे बरीच वर्षं आडवी आली. १९९६ मध्ये घरी रक्ताचा नमुना घेऊन टपालाने पाठवायला परवानगी मिळाली, आणि जुलै २०१२ मध्ये दुकानातून आणून घरीच निकाल वाचता येईल अशा ओराक्विक किटला. २०१५ पासून मलावी, झांबिया, झिम्बाब्वेत ‘स्टार’ प्रकल्पातून किट वस्त्यांपर्यंत गेलं. दवाखान्याची पायरी न चढणारे पुरुष आणि तरुण ते घेतात, असं तिथे दिसलं. डिसेंबर २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्व-चाचणीची शिफारस केली.

भारतात २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय चाचणी नाही आणि गोपनीयता बंधनकारक, हे त्याने पक्कं केलं. स्व-चाचणीचे पथदर्शी प्रयोगही इथे झाले.

वस्तीत किट वाटणार असलेल्या संस्थेची तयारी तपासायची म्हणजे नेमकं काय, हे या पार्श्वभूमीवर कळतं. किट दिसायला साधं. खाण्यापिण्यानंतर किमान १५ मिनिटं थांबायचं, कांडी वरच्या-खालच्या हिरड्यांवरून एकेकदा फिरवायची, द्रावणात उभी करायची, २० ते ४० मिनिटांच्या दरम्यान रेघा वाचायच्या. पण तोंडात सदा तंबाखू किंवा मशेरी असलेल्या बाईला हे १५ मिनिटांचं गणित पीअर एज्युकेटर (त्याच वस्तीतला प्रशिक्षित कार्यकर्ता) कसं समजावणार? किट ३० अंशांच्या आत ठेवायचं असतं. मे महिन्यात चंद्रपूरच्या पत्र्याच्या ऑफिसात ते कुठे ठेवणार? दोन रेघा, म्हणजे एचआयव्हीची शक्यता, आल्या तरी तो अंतिम निकाल नव्हे, आयसीटीसीत पुढच्या चाचण्या करून खात्री करावी लागते. तिथे सोबत कोण जाणार? एकच रेघ आली, पण संबंध गेल्याच महिन्यातला असेल, तर तीन महिन्यांनी पुन्हा तपास, हे सांगायला कोणी आहे का? एआरटीवर असलेल्याची रेघ फसवी येऊ शकते, हे कार्यकर्त्यांना माहीत आहे का? आणि घरवालीने (कुंटणखान्याच्या मालकिणीने) तिथल्या मुलींना रांगेत बसवून जबरदस्तीने किट वापरायला लावलं, तर संस्था काय करणार?

किती किट येणार, हा प्रश्न बैठकीत सगळ्यात आधी निघतो. माझ्या मते तो शेवटी यावा. आधी ठरवावं ते वाटपाच्या वहीचं : तिच्यात नावाचा रकाना ठेवायचा का, आणि ठेवलाच तर कपाटाची किल्ली कोणाकडे राहणार.