रामचंद्रन आलेखामागचं कोलॅजेन

प्रथिनाची नवी रचना प्रसिद्ध होण्याआधी रामचंद्रन आलेखावर, म्हणजे साखळीचे कोणते कोन शक्य आहेत ते दाखवणाऱ्या नकाशावर, तपासली जाते. हा आलेख जन्मला मद्रास विद्यापीठात, कोलॅजेनवरच्या एका आक्षेपातून.

कोलॅजेन हे कातडी, कंडरा आणि हाडांतलं मुख्य प्रथिन. 1952 मध्ये मद्रासला आलेले ब्रिटनमधले स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल यांनी त्याची रचना अजून सुटलेली नाही, याकडे तिथले भौतिकशास्त्रज्ञ जी. एन. रामचंद्रन यांचं लक्ष वेधलं. मद्रासच्याच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेकडून कांगारूच्या शेपटीतली कंडरा मिळाली. तिच्या क्ष-किरण चित्रांवरून रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कर्ता यांनी 1954 मध्ये अमिनो आम्लांच्या तीन साखळ्यांची रचना मांडली. 1955 मध्ये त्यांनी आपल्या रचनेतल्या त्या साखळ्या वेणीसारख्या एकमेकींभोवती पिळल्या. यातलं दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसीनच असतं, कारण मध्यभागी त्याच्या एकट्या हायड्रोजनपुरतीच जागा उरते. तिथे मोठं अमिनो आम्ल आलं की पीळ बिघडतो. ठिसूळ हाडांच्या आनुवंशिक आजारात अनेकदा हेच झालेलं असतं.

कोलॅजेनवरच काम करणाऱ्या अलेक्झांडर रिच आणि फ्रान्सिस क्रिक यांनी या रचनेवर आक्षेप घेतला: काही अणू फारच जवळ आलेत, आणि साखळ्यांना एकमेकींशी धरून ठेवणारे हायड्रोजन बंध तीन अमिनो आम्लांमागे दोन नव्हे, एकच हवा. बंधांबाबत तेच बरोबर ठरले. पण ‘फार जवळ’ म्हणजे किती? रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी ज्ञात स्फटिकरचनांतली अंतरं पाहून मर्यादा ठरवल्या: दोन कार्बनांत सहसा किमान 3.2 अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग), अगदी टोकाला 3.0; दोन हायड्रोजनांत किमान 2.0, टोकाला 1.9. दोन अमिनो आम्लांना जोडणारा पेप्टाइड बंध सपाट असल्याने प्रत्येक अमिनो आम्लाच्या मधल्या, अल्फा कार्बनपाशी साखळीचा कणा फिरतो तो फाय आणि साय या दोनच कोनांत. एका अक्षावर फाय आणि दुसऱ्यावर साय घेऊन त्यांच्या जोड्या तपासल्यावर, अणू एकमेकांना अडत असल्याने, बहुतेक निषिद्ध ठरल्या; हाच रामचंद्रन आलेख. हे काम 1963 मध्ये प्रसिद्ध झालं. प्रथिनांतल्या नेहमीच्या घड्यांपैकी अल्फा सर्पिल साधारण फाय -60, साय -45 अंशांपाशी येतं, ताणलेले बीटा पट्टे -120, 130 च्या आसपास.

ग्लायसीनला बाजूची साखळी नाही, म्हणून त्याला जास्त मोकळीक. प्रोलीन या अमिनो आम्लाची बाजूची साखळी कण्यालाच जोडून वलय बनवते, त्यामुळे त्याचा फाय -65 च्या आसपास अडकलेला. दोघांचे आलेख वेगळेच पाहावेत. इतर अमिनो आम्लांपैकी एखाद्याचा ठिपका निषिद्ध भागात पडला, तर बहुधा रचना उभारताना तिथला पेप्टाइड उलटा बसवलेला असतो. तरी आधी इलेक्ट्रॉन घनतेचा नकाशा, म्हणजे क्ष-किरण प्रयोगातून मिळालेलं अणूंच्या जागांचं चित्र, पाहावा; एन्झाइमची रासायनिक क्रिया जिथे घडते त्या क्रियास्थळी असा ताण खराही असतो. आणि रचना सुधारताना हेच कोन सक्तीने आलेखात बसवले असतील, तर त्याच आलेखावरच्या तपासणीला फारसा अर्थ उरत नाही.