वीरगाथा आणि इतिहासकथन : कित्तूरचा लढा मुलांना कसा सांगावा

बेळगाव, खानापूर, बैलहोंगल या भागातील मराठी मुलांपर्यंत इंग्रजांविरुद्धचे लढे बहुधा गोष्टीच्या रूपानेच पोहोचतात. गोष्ट म्हटली की वीरगाथा आणि इतिहासकथन यांची गल्लत होते, कारण दोन्हींत नायक असतो, संकट असते आणि ऐकणाऱ्याचा ऊर भरून येतो. दोन्हींतून देशप्रेम जागते हेही खरे. मात्र ते एकाच जातीचे नसते.

बेळगावजवळच्या कित्तूर संस्थानाच्या वीरगाथेत २३ ऑक्टोबर १८२४ हा दिवस मध्यभागी असतो. धारवाडचा कलेक्टर थॅकरे किल्ल्यावर चालून आला, राणी चन्नम्माच्या सैन्याने त्याला ठार केले आणि कंपनीची फौज हटली. पुढे राणीचा शिलेदार संगोळ्ळी रायण्णा याचे बंड आणि नंदगड येथील त्याची फाशी. ती २६ जानेवारी १८३१ रोजी झाली, म्हणून प्रजासत्ताक दिनाशी जुळणारी ही तारीख गाथा आवर्जून सांगते. यात खोटे काही नाही. गाथा स्मरणासाठी असते आणि ते काम ती उत्तम करते. परंतु तिच्यात राणी पहिल्यापासूनच वीरांगना असते. तिला काही ठरवावे लागले होते, हे ऐकणाऱ्याला जाणवत नाही.

इतिहासकथन सुरू होते ते सप्टेंबर १८२४ मध्ये, देसाई, म्हणजे संस्थानाचे प्रमुख, शिवलिंगरुद्रसर्ज यांच्या मृत्यूपासून. दत्तक वारस कंपनीने मानला नाही आणि संस्थानाचा कारभार आपल्या हाती घेण्याची तयारी चालवली. ऑक्टोबरच्या विजयानंतर स्टीव्हन्सन आणि इलियट हे दोन अधिकारी कित्तूरच्या कैदेत होते. त्यांना ठेवून घ्यावे, की सलोख्याच्या आशेने सोडावे? कित्तूरने त्यांना सोडले, आणि तरीही डिसेंबरमध्ये मोठी फौज येऊन किल्ला पडला. चन्नम्माने उरलेले आयुष्य बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत काढले आणि तेथेच १८२९ मध्ये तिचा अंत झाला. वर्गात हा प्रसंग सांगताना मी कैद्यांच्या सुटकेपाशी थांबतो आणि तुम्ही काय केले असते, असे मुलांना विचारतो. निकाल ठाऊक नसताना निर्णय घेणे किती अवघड असते, हे त्या क्षणी त्यांना उमगते. मातृभूमीसाठी लढणे म्हणजे केवळ तलवार उपसणे नव्हे, हे कळण्याची खरी जागा मला तीच वाटते.

रायण्णाच्या बाबतीतही हाच फरक दिसतो. गाथेत तो राणीचा निष्ठावंत शिलेदार असतो. कथनात त्याआधी त्याची शेतसनद येते: गावच्या राखणीच्या चाकरीबद्दल मिळालेली जमीन, जिच्यावर कंपनीच्या महसुली कारभारात गदा आली. जमीन गमावलेल्या माणसांना त्याच्या मागे जावेसे का वाटले, बिडी आणि नंदगडच्या सरकारी कचेऱ्यांवरच त्याने हल्ले का केले, हे शेतकऱ्याच्या घरातील मुलाला सनद समजल्यावर निराळे सांगावे लागत नाही. एप्रिल १८३० मध्ये तो पकडला गेला तो आपल्याच काही माणसांच्या फितुरीमुळे, हेही कथनाला सांगावेच लागते.

एकदा सातवीतील एका मुलीने विचारले, “गुरुजी, कित्तूर इंग्रजांविरुद्ध लढले, तर त्याआधी बेळगावच्या किल्ल्यावर त्यांनी इंग्रजांना मदत का केली?” प्रश्न १८१८ चा होता. त्या वर्षी कंपनीचा सेनानी मन्रो याने पेशव्यांच्या ताब्यातील बेळगावच्या किल्ल्याला वेढा घातला तेव्हा कित्तूरने त्याला साह्य केले, आणि वर्षाला १ लाख ७५ हजार रुपये खंडणी देण्याच्या बोलीवर संस्थान राखले. वीरगाथेपाशी या प्रश्नाला उत्तर नाही. म्हणूनच ती हे वर्ष वगळते. मराठी घरातील मुलांना तर हे उत्तर अधिकच जड जाते, कारण ते पुण्याकडे बोट दाखवते. कित्तूरचे देसाई मल्लसर्ज पेशव्यांच्या कैदेत राहून आले होते आणि १८१६ मध्ये वारले. त्या घराण्याच्या दृष्टीने १८१८ मध्ये समोरचा शत्रू पुण्याचा होता. मी हे सर्व त्या मुलीला सांगितले, पेशव्यांची बाजू सावरली नाही आणि कित्तूरचीही नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने विचारले, “म्हणजे सहा वर्षांनी त्यांना कळले?” त्या दिवशी पुढचा तास गणिताचा होता, आम्ही तो १८१८ ते १८२४ या सहा वर्षांसाठी वापरला.