वसंत येतो, पाणी मागे राहतं : लडाखच्या भाजीपाल्याची पार्श्वभूमी

चैत्र लागला की आपल्याकडे पालेभाजीचे दिवस सरत येतात. मेथीची जुडी बारीक होते, कोथिंबीर महागते, आणि ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याचीच भाजी बाजारात तग धरते. त्याच दिवसांत लेहच्या आसपासच्या गावांत माती नुकती मोकळी होत असते. तिथला शेतकरी कुदळ हातात घेऊन वर डोंगराकडे बघत थांबलेला असतो. ऊन भरपूर असतं. थंडीही ओसरू लागलेली असते, रात्री तेवढं तापमान शून्याच्या आसपास घुटमळतं. नसतं ते पाणी.

लडाखच्या भाजीचा विषय निघाला की बोलणं थंडीवर येऊन थांबतं. उणे वीस अंशांचे आकडे ऐकायला दणदणीत वाटतात, पण त्या आकड्यांमुळे खरी अडचण झाकली जाते. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि तिथे पाऊस आणि बर्फ धरून वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाणी पडतं. कोकणात आषाढातल्या एखाद्या दिवसात याहून जास्त पडतं. तेव्हा शेती सगळी ओढ्यांवर, आणि ओढे वरच्या हिमनद्यांवर. या हिमनद्या इतक्या उंचावर आहेत की त्या खऱ्या अर्थाने जूनमध्ये पाझरू लागतात. पीक मात्र सप्टेंबरअखेर पुन्हा कडाका पडायच्या आत हाती यायला हवं, म्हणून पेरणी एप्रिल-मेमध्येच उरकावी लागते. पाण्यावाचून काढायचे हे पाच-सहा आठवडे कसे भरून काढायचे, याभोवतीच लडाखच्या भाजीपाल्याचा इतिहास फिरतो.

जुन्या लडाखी शेतात मुख्य पीक सातूचं. जोडीला गहू, वाटाणा, मोहरी. भाजी म्हणाल तर सलगम आणि मुळा. दोन्ही कंद थंडी सोसणारे, लवकर पोसणारे आणि जमिनीत खड्डा करून पुरून ठेवले तर हिवाळाभर टिकणारे. कणकेचे अंगठ्याने दाबलेले तुकडे आणि सलगम एकत्र शिजवून केलेला स्क्यू हा पदार्थ म्हणजे या साठवणीचंच जेवण. पाला वाळवून ठेवायचा तो वेगळा. मार्च-एप्रिल येईपर्यंत खड्डे रिकामे होत आणि ताजं हिरवं काही दिसत नसे. अशा वेळी ओढ्याकाठी उगवणाऱ्या, अंगाला लागली तर आग होणाऱ्या बिच्छूच्या कोवळ्या पानांचं कढण घरोघरी होई. वसंतातली पहिली भाजी ही अशी, न पेरलेली.

वसंत लवकर यावा म्हणून जुन्या लोकांनी जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. लडाखमधल्या झांस्कर आणि शेजारच्या हिमाचलातल्या लाहौलच्या बाजूला शेतावर बर्फ साचलेलं असतानाच त्यावर माती पसरण्याची रीत आहे. पांढरं बर्फ ऊन परतवून लावतं, काळी माती ते शोषते, आणि खालचं बर्फ अगोदर वितळतं. ही माती आदल्या शरद ऋतूतच घरात आणून ठेवावी लागते, कारण हिवाळ्यात बाहेरची जमीन दगडासारखी गोठलेली असते. खताची सोयही अशीच पुढचा विचार करून केलेली. घरातला कोरडा शौचकूप, चाग्रा, वर्षभर माती आणि राख टाकून कुजवत ठेवायचा आणि वसंतात ते खत शेतात न्यायचं. पाण्याचा थेंबही त्यात खर्च होत नाही.

पेरणीचा दिवस सूर्यावरून ठरे. डोंगरावर रचलेल्या दगडी खुणेपाशी सूर्य आला की कुळव जुंपायचा. आणि पाण्यासाठी होता चुर्पोन. गावाने नेमलेला हा माणूस कुणाच्या शेतात किती वेळ पाणी सोडायचं ते ठरवतो. धुळे-नाशिककडची फड पद्धत, म्हणजे गावाने मिळून सांभाळलेलं पाटपाणी, ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा माणूस लगेच ओळखू येईल, तो तिथला पाटकरीच. पांझरेच्या काठी पाटकरी जसा पाटाची दारं मोडतो-बांधतो, तसाच चुर्पोन युरा म्हणजे पाट आणि झिंग म्हणजे साठवण तळं सांभाळतो. रात्री ओढ्याचं बारीक पाणी झिंगमध्ये जमवायचं आणि दिवसा सोडायचं. वसंतातल्या टंचाईत हेच तळं कामाला येई, पण ते सातूला पुरता पुरता सरत असे. भाजीच्या वाटणीला उरणार किती?

भाजीचे प्रकार वाढले ते एकोणिसाव्या शतकात, आणि त्यात मोरेव्हियन या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या मिशनऱ्यांचा वाटा मोठा. हायडे आणि पागेल हे दोघे जर्मन मिशनरी १८५३ मध्ये मंगोलियाला जायला निघाले होते. तिबेटची वाट त्यांना मिळाली नाही आणि १८५०च्या दशकातच ते लाहौलमधल्या केलाँगला स्थिरावले. १८८५ मध्ये लेहमध्ये मिशनचं ठाणं झालं. मिशनच्या परसबागेत बटाटा आला, पालक आला, फुलकोबी आली. त्यातला बटाटा सर्वांत चटकन रुजला. कारण उघड आहे : सलगमसारखाच तो खड्ड्यात टिकतो, स्वयंपाकाची रीत बदलावी लागत नाही. लाहौल तर पुढे बियाण्याच्या बटाट्यासाठी नावाजला. पालक-कोबी मात्र बराच काळ मिशनच्या आणि अधिकाऱ्यांच्या बागेपुरतीच राहिली.

पुढचं वळण सैन्यामुळे आलं. १९६२च्या चीन युद्धाच्या सुमारास लडाखमध्ये फौज वाढली, आणि इतक्या माणसांना ताजी भाजी कुठून द्यायची हा प्रश्न उभा राहिला. काश्मीरला लडाखशी जोडणारी जोजिला खिंड हिवाळ्यात महिनोन्‌महिने बंद असे, म्हणजे डबाबंद आणि सुकं अन्न, नाहीतर विमानातून आलेली महागडी भाजी. याच काळात लेहमध्ये संरक्षण खात्याने शेती संशोधनाचं एक छोटं केंद्र सुरू केलं. आज डिफेन्स इन्स्टिट्यूट ऑफ हाय अल्टिट्यूड रिसर्च या नावाने चालणारी, सगळे जिला डिहार म्हणतात ती संस्था हीच. कुठलं वाण इथल्या आखूड हंगामात तयार होतं, याच्या चाचण्या तिथे वर्षानुवर्षं झाल्या. उन्हाळ्यातला लांबलचक दिवस आणि थंड रात्र कोबीवर्गीय भाज्यांना भलतीच मानवते, तिथला कोबीचा गड्डा दोन्ही हातांनी उचलावा लागतो. आजूबाजूच्या गावांतून सैन्याला भाजी पुरवली जाऊ लागली आणि भाजी हे लडाखमध्ये प्रथमच विकायचं पीक झालं. १९७४ मध्ये लडाख पर्यटकांसाठी खुलं झाल्यावर गिऱ्हाईक आणखी वाढलं.

मग आला प्लॅस्टिकचा कागद. साधी गोष्ट, पण तिने लडाखमधला वसंत अलीकडे ओढला. सगळ्यात स्वस्त प्रकार खंदकाचा : साधारण कमरेइतका चर खणायचा, तळाशी शेणखत घालून वाफा करायचा, वर काठ्या टाकून प्लॅस्टिक पसरायचं. जमिनीच्या पोटात राहिलेली ऊब आणि दिवसाचं ऊन एवढ्यावर पालक तग धरतो. रात्री वर गोणपाट टाकलं की झालं.

याच्या पुढची पायरी म्हणजे सौर हरितगृह. लडाख इकॉलॉजिकल डेव्हलपमेंट ग्रुप ही संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली आणि उन्हाच्या उबेवर घरं आणि हरितगृहं कशी चालवायची हे गावोगाव दाखवू लागली. नंतर जेरेस या फ्रेंच संस्थेने स्थानिक संस्थांना हाताशी धरून हा नमुना सुधारला. कल्पना अशी : लांबट खोली पूर्व-पश्चिम पसरलेली, दक्षिणेची बाजू पूर्ण प्लॅस्टिकची आणि बाकी तीन बाजूंना कच्च्या विटांच्या जाड भिंती. उत्तरेच्या भिंतीत दोन थर, त्यांच्यामध्ये पेंढा भरलेला. दिवसभर भिंत ऊन पिते आणि रात्रभर ते परत देते. शेगडी नाही, वीज नाही. माती, पेंढा, पोपलरचे वासे गावातलेच. बाहेरून आणायचा तो फक्त अतिनील किरण सोसणारा प्लॅस्टिकचा कागद.

हरितगृहाचं कौतुक जानेवारीतल्या पालकासाठी होतं. माझ्या मते त्याचा खरा उपयोग मार्चमध्ये दिसतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये आत कोबी, फुलकोबी, टोमॅटोची रोपं टाकता येतात आणि मे मध्याला हाताएवढी रोपं बाहेर लावता येतात. उघड्यावर बी टाकून जो हंगाम अपुरा पडत होता तो दीड-दोन महिन्यांनी लांबला. शिवाय रोपांच्या वाफ्याला पाणी लागतं ते बादलीभर, शेताला लागतं तेवढं नाही. म्हणजे पाणी यायच्या आधीचे ते कोरडे आठवडे भाजीने छपराखाली काढले.

सातूला आणि बटाट्याला छप्पर घालता येत नाही. तिथे चेवांग नॉर्फेल यांची गोष्ट येते. हे ग्रामविकास खात्यात अभियंता होते. हिवाळ्यात नळ गोठू नये म्हणून तो वाहता ठेवतात, आणि ते पाणी वाहून वाया जातं. नॉर्फेल यांच्या लक्षात आलं की ओढ्याचं वेगाने धावणारं पाणी गोठत नाही, पण झाडांच्या सावलीत संथ पसरलेल्या याच पाण्याचं बर्फ होऊन बसतं. हिवाळ्यात शेतांना पाणी लागत नाही, वसंतात लागतं आणि तेव्हा नसतं. मग हिवाळ्यातलंच पाणी थांबवून का ठेवू नये? १९८७ पासून त्यांनी सावलीच्या घळींमध्ये दगडी बांध घालून, ओढ्याचं पाणी उथळ पसरवून कृत्रिम हिमनद्या उभ्या केल्या. त्या खऱ्या हिमनदीच्या कितीतरी खाली, गावाच्या जवळ असल्याने एप्रिल-मेमध्येच वितळू लागतात. अगदी हव्या त्या आठवड्यांत. २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एवढं साधं निरीक्षण करायला आयुष्यभर गावांत फिरलेला माणूसच लागतो, असं मला मनापासून वाटतं.

या हिमनद्यांना सावली लागते, उंची लागते आणि दरवर्षीची डागडुजीही. ही अडचण लडाखचेच अभियंता आणि शिक्षणतज्ज्ञ सोनम वांगचुक यांनी आकार बदलून सोडवली. २०१३-१४ च्या हिवाळ्यात त्यांनी विद्यार्थ्यांसह पहिला हिमस्तूप उभारला. वरच्या ओढ्यातून पुरलेल्या पाइपने पाणी खाली आणायचं. उंचीतल्या फरकामुळे ते टोकाला कारंज्यासारखं उडतं, पंप लागत नाही. रात्रीच्या थंडीत थेंब खाली पडता पडता गोठतात आणि बर्फाचा शंकू चढत जातो. शंकूचं पोट मोठं पण उन्हाला दिसणारं अंग त्या मानाने कमी, म्हणून तो उघड्यावर, गावाशेजारीही वसंतापर्यंत टिकतो. पुढच्या हिवाळ्यात फ्यांग गावी मोठा स्तूप झाला आणि त्याच्या पाण्यावर पोपलर आणि विलोची रोपं लावली गेली.

लेहच्या मुख्य बाजारात फरसबंदीवर ओळीने बसून गावच्या बायका भाजी विकतात. मुळा, पालक, सलगमचा पाला, पुढे कोबी आणि गाजर. वसंतातल्या त्यांच्या भाजीला भाव मिळे, कारण तेव्हा खिंड बंद असे आणि खालची भाजी येत नसे. आता जोजिलावरचं बर्फ यंत्रांनी लवकर हटवलं जातं. २०२५ मध्ये खिंड फक्त ३२ दिवस बंद राहिली, आणि १ एप्रिलला काश्मीरकडून वाहतूक सुरू झाली. त्या दिवशी बहुतेक गावांतली कोबीची रोपं अजून हरितगृहातच होती. उघड्या मातीत जायला त्यांना आणखी सहा आठवडे होते.