वाइनचं मानांकन आणि वाइनचा रस्ता

एखाद्या द्राक्षपट्ट्याच्या वाइनला भौगोलिक मानांकन मिळालं, की लगेच ‘आता पर्यटनाला चालना मिळणार’ असं कुणीतरी म्हणतंच. उलटही होतं. पर्यटन विभाग वाइन रूटचा, म्हणजे वायनरी जोडणाऱ्या पर्यटन मार्गाचा, नकाशा छापतो, रस्त्याकडेला द्राक्षाच्या घडाच्या पाट्या लावतो आणि आता आपल्या वाइनचं नाव सुरक्षित झालं, असं उत्पादकांना वाटू लागतं. दोन्हीकडे नाव एकाच प्रदेशाचं असतं, त्यामुळे गल्लत होणं साहजिक आहे. पण लेबलवरचं नाव आणि पाटीवरचं नाव यांची कामं वेगळी, नियम वेगळे आणि ती सांभाळणारी माणसंही बहुतेकदा वेगळी.

आधी लेबल पाहू. अमेरिकेत बाटलीवर ‘नापा व्हॅली’ हे कॅलिफोर्नियातल्या खोऱ्याचं नाव छापायचं असेल, तर तिच्यातली किमान 85 टक्के वाइन आखलेल्या हद्दीतल्या द्राक्षांची लागते. नापाला हा दर्जा 1981 मध्ये मिळाला. फ्रान्सची 1935 पासूनची पद्धत याहून कडक आहे. कोणत्या जातीची द्राक्षं लावायची, हेक्टरी किती उत्पादन घ्यायचं, छाटणी कशी करायची, हे सगळं नियमात बसवलेलं असतं. तिथल्या अल्सास भागात तर 1972 पासून वाइन त्या प्रदेशातच बाटलीत भरावी लागते. बाहेरच्या कुणी ते नाव लावून आपला माल खपवू नये, यासाठी हा सगळा खटाटोप. मानांकन हा सामुदायिक हक्क आहे. हद्दीतला, नियम पाळणारा कुठलाही उत्पादक ते नाव वापरू शकतो, आणि कुणा एकाला ते विकून टाकता येत नाही. बाटली उघडणारा समुद्रापलीकडे बसलेला असला तरी मानांकनाचं काम पूर्ण होतं. त्याने कधी त्या गावात पाऊल टाकावं, अशी त्यात कुठे अटच नाही.

वाइन रूटला मात्र पाहुणा प्रत्यक्ष दारात आल्याशिवाय अर्थ नाही. त्याचा सगळा कारभार सदस्यत्वावर चालतो: वर्गणी, नकाशा, पाट्या, उघडण्याच्या वेळा, एखादा सुगीचा उत्सव. मानांकनाची हद्द माती, उतार आणि हवामान पाहून आखतात, तर रूट डांबरी रस्ता आणि मुक्कामाची सोय पाहून आखला जातो. त्यामुळे मानांकनाच्या हद्दीतली एखादी उत्तम वायनरी रूटवर नसते, कारण तिच्याकडे टेस्टिंग रूमच नाही. आणि रूटवर एखादं चीज बनवणारं घर किंवा जुन्या द्राक्षयंत्रांचं संग्रहालय असतं, ज्यांचा मानांकनाशी काडीचाही संबंध नाही. शिस्तीची तऱ्हाही निराळी. पाहुण्यांना नीट वागवत नाही किंवा स्वच्छतागृह घाण ठेवतो म्हणून रूट एखाद्या सदस्याला काढून टाकू शकतो. मानांकन ते करू शकत नाही. द्राक्षं हद्दीतली आहेत आणि नियम पाळलेत ना, मग मालक कितीही खडूस असला तरी लेबल त्याचंच.

आता इतिहासाचा क्रम पाहा, कारण ‘आधी मानांकन, मग पर्यटन’ ही समजूत तिथेच गळून पडते. जर्मनीतल्या फाल्त्स भागातला ‘डॉइचे वाइनश्ट्रासे’ हा सुमारे 85 किलोमीटरचा मार्ग 1935 मध्ये सुरू झाला. पीक भरघोस आलं होतं, पण उठाव नव्हता. त्यातच नाझी राजवटीने ज्यू वाइन व्यापाऱ्यांना धंद्यातून हाकललं होतं, म्हणजे विक्रीची जुनी साखळी स्वतःच्या हाताने तोडली होती. गिऱ्हाइकालाच गावात आणायचं, हा त्यावर काढलेला मार्ग. जन्मकथा अशी काळी असली तरी रस्ता टिकला. आज ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी तो मोटारींना बंद असतो आणि लोक सायकलने किंवा पायी गावोगाव फिरतात.

अल्सासचा वाइन मार्ग 1953 चा, सुमारे 170 किलोमीटरचा. अल्सासच्या वाइनला फ्रेंच मानांकन मिळालं 1962 मध्ये, म्हणजे रस्ता नऊ वर्षांनी थोरला. दक्षिण आफ्रिकेत स्टेलनबॉशचा वाइन रूट 1971 मध्ये सिमन्सिग, स्पीर आणि डेलहाइम या तीन वायनरींच्या मालकांनी उभा केला, आणि देशाची ‘वाइन ऑफ ओरिजिन’ ही मूळस्थानाची पद्धत लागू झाली 1973 मध्ये. अल्सास आणि स्टेलनबॉश, दोन्हीकडे पाहुणे आधी बोलावले गेले आणि मानांकन मागून आलं. याच्या नेमकं उलट उदाहरण फ्रान्समधल्या बोर्दोचं. तिथलं नाव जगभर दुमदुमतं, पण कित्येक नामांकित शातोंमध्ये, म्हणजे तिथल्या वायनरींमध्ये, आगाऊ वेळ घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत. सहज येणाऱ्या पर्यटकासाठी शहरात 2016 मध्ये ‘सिते द्यू वँ’ हे वाइनचं भव्य केंद्र उघडलं. बाटलीची कीर्ती आणि पाहुणचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून स्वच्छ कुठे दिसणार?

रूटचं खरं दुखणं बारीकसारीक गोष्टींत असतं. पर्यटकाला यायचं असतं सुगीत, कारण तेव्हाच वेलींवर पिकलेले घड दिसतात. नेमकं तेव्हाच वायनरीत कुणाला मान वर करायला फुरसत नसते. उन्हं चढायच्या आत तोडणी, मग निवड, मग टाक्या. अंगणात ट्रॅक्टर वळत असताना पंधरा जणांचा घोळका कुठे उभा करायचा? पर्यटकाला रविवार मोकळा, तर छोट्या घरगुती वायनरीला तोच सुट्टीचा दिवस. आणि गाडी कोण चालवणार? टेस्टिंगमध्ये एका वेळी ओततात ती थोडीशीच, पण अशा पाच-सहा वाइन आणि दिवसात तीन वायनरी म्हटलं की हिशेब चुकतो. म्हणून काउंटरवर थुंकण्यासाठी भांडं ठेवलेलं असतं. नवखे त्याला हात लावायलाही लाजतात, जाणकार बिनदिक्कत वापरतात. रूट चालवणाऱ्यांनी शटल बसवर केलेला खर्च मला रंगीत माहितीपत्रकापेक्षा शंभर पटींनी शहाणपणाचा वाटतो.

या उठाठेवीत उत्पादकाचा फायदा सरळ आहे. दारात विकलेल्या बाटलीवर वितरकाचा आणि दुकानदाराचा वाटा जात नाही.

मात्र रूट फार यशस्वी झाला, तर मानांकनाला न पेलणारा प्रश्न उभा राहतो: जमीन. द्राक्षबागेपेक्षा लग्नाचा हॉल आणि हॉटेल जास्त पैसे देऊ लागतात. मानांकन नावाचं रक्षण करतं, वेली उपटून इमारत बांधणाऱ्याला ते अडवू शकत नाही. त्यासाठी तिसरंच हत्यार लागतं, जमीनवापराचे नियम. नापा काउंटीने 1968 मध्ये शेतजमिनीला संरक्षण दिलं आणि 1990 मध्ये, नव्या वायनरींना आगाऊ वेळ घेऊन आलेल्यांनाच टेस्टिंग देता येईल, असा नियम केला. पर्यटनासाठी जगभर वाखाणलेल्या खोऱ्याने स्वतःच दाराला कडी घातली! स्वित्झर्लंडच्या लाव्हो भागातले तलावाकाठचे द्राक्षमळे वाचले तेही 1977 च्या लोकमतामुळे. त्यांना युनेस्कोचा दर्जा मिळाला तो त्यानंतर तीस वर्षांनी, 2007 मध्ये.

त्यामुळे नव्या, छोट्या द्राक्षपट्ट्याला पैसा आधी कुठे घालायचा, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर आधी बाजाराकडे पाहतं. माल दूरवर जात असेल आणि नावाची नक्कल होत असेल, तर मानांकनाला पर्याय नाही आणि उशीरही परवडणार नाही. पण बहुतेक वाइन जवळपासच खपत असेल आणि नाव अजून कुणाला चोरावंसं वाटत नसेल, तर अर्जाच्या फायली जमवण्याआधी पाच-सहा वायनरींनी एकत्र बसून रविवारी पाळीपाळीने दार कोण उघडं ठेवणार, एवढं ठरवलं तरी रूट सुरू करता येतो.