नववीतून बॅस्टिल गेले, त्याआधी आणि नंतर

राज्य मंडळाच्या नववीच्या इतिहासातून फ्रेंच राज्यक्रांती २०१७ मध्ये गेली. अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्धही गेले. जागा घेतली १९६० नंतरच्या भारताने: आणीबाणी, बोफोर्स, बदलती अर्थव्यवस्था. आईबाबांचा काळ मुलांना कळावा, यात गैर काही नाही. गदारोळ झाला तो पुस्तकांतले मुघल कमी केल्यावरून. बॅस्टिलसाठी, म्हणजे ज्या तुरुंगाच्या पाडावाने ती क्रांती पेटली त्यासाठी, फारसे कोणी भांडले नाही.

गुंता जुना आहे आणि तो विषयाच्या नावातच आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या वेळी ‘नागरिकशास्त्र’ या नावावरच बोट ठेवले गेले. राजनिष्ठा ढासळू लागली तेव्हा इंग्रजी अमलाने हा विषय शाळेत आणला, आज्ञाधारक प्रजा घडवायला. म्हणून यापुढे ‘राज्यशास्त्र’ म्हणावे, अशी शिफारस झाली. महाराष्ट्राने ती अर्धीच मानली. सहावी ते आठवीच्या पुस्तकांवर ‘नागरिकशास्त्र’ राहिले, नववी-दहावीच्या पुस्तकांवर ‘राज्यशास्त्र’ आले. म्हणजे तेराव्या वर्षापर्यंत नागरिक, चौदाव्या वर्षी राज्य! पाटी बदलली म्हणून हक्क कुठून येतात हे कळत नाही. त्याला गोष्ट लागते.

केंद्रीय मंडळाच्या नववीत २००६ पासून ती गोष्ट, फ्रेंच राज्यक्रांतीची, पहिल्याच धड्यात होती. १७८९ चा जाहीरनामा सगळे जन्मतः समान म्हणतो. १७९१ चे संविधान मत देते ते पंचवीस वर्षांवरच्या, तीन दिवसांच्या मजुरीइतका कर भरणाऱ्या पुरुषांनाच. वसाहतींतली गुलामगिरी १७९४ मध्ये रद्द होते, १८०२ मध्ये परत येते. बायकांना मताचा हक्क मिळायला १९४४ उजाडते. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही त्रयी मी फ्रान्सकडून उसनी घेतलेली नाही, बुद्धाकडून घेतली, असे आपल्या संविधानाच्या मसुदा समितीच्या अध्यक्षांनी, डॉ. आंबेडकरांनी, १९५४ मध्ये आकाशवाणीवरून बजावले होते. हा वाद वर्गात रंगवायचा तरी आधी फ्रान्स ठाऊक हवा.

२०१९ मध्ये ओझे कमी करण्याच्या नावाखाली केंद्रीय मंडळाच्या त्याच पुस्तकातला पोशाखाचा धडा निघाला. त्याबरोबर अंग झाकण्याच्या हक्कासाठी झालेला त्रावणकोरातल्या स्त्रियांचा लढाही गेला.

राज्याच्या नववीत जग उरले ते राज्यशास्त्राच्या अर्ध्या भागात: महायुद्धानंतरच्या घडामोडी, परराष्ट्र धोरण, संयुक्त राष्ट्रे. दहावीत फ्रेंच विचारवंत व्हॉल्टेअर भेटतो, पण इतिहासलेखनाच्या धड्यात, क्रांतीशिवाय. युरोपातील प्रबोधन, निर्वसाहतीकरण आणि शीतयुद्ध २०२० च्या बारावीच्या पुस्तकात आहेत, मात्र इतिहास घेणाऱ्यांपुरते. सायन्सला गेलेल्यांचे जग दहावीलाच आटोपते.